‘मला सायनस आहे!’

ऑफिसातला एसी जरा वाढवला की कुणीतरी कपाळ दाबत म्हणतंच, ‘मला ना, सायनस आहे!’ अहो, सगळ्यांनाच असतो. चांगले चार जोड! गालात, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि पार आत कवटीच्या मध्यावर. या हवेच्या पोकळ्या. त्यांना सूज आली की तो आजार.

माझ्या टीममधल्या एकीचं चार महिने डोकं दुखत होतं. ‘सीटी पीएनएस’ केला. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. कॉन्का बुलोसा, हॅलर सेल, ओनोडी सेल! रात्रभर गुगल. शनिवारी सकाळी मॅडम जाहीर करून मोकळ्या, ‘ऑपरेशन करूनच टाकते, रजा शिल्लक आहे.’ म्हटलं, आधी डॉक्टरांना तर भेटू. आणि तिच्यासोबत गेले.

तिथे कळलं ते असं. एकाच बिल्डिंगमधले वन-बीएचके आठवा. प्लॅन एकच, पण कुणी गॅलरी आत घेतलेली, कुणी माळा काढलेला. नाकाचंही तसंच. आत येणारी हवा उबदार करणारे जे उंचवटे असतात, त्यातल्या मधल्यात हवेचा फुगा असला की कॉन्का बुलोसा. डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी जास्तीची खोली असली की हॅलर सेल. अठराव्या शतकातल्या स्विस अल्ब्रेख्त फॉन हॅलरच्या नावाची. काही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांच्या स्कॅनमध्येही हे दिसतं. काहींना तर कपाळातला एखादा सायनस नसतोच! त्याचा आकार जुळ्या भावंडांतही वेगळा. म्हणून तर जुन्या एक्स-रेवरून मृतदेहाची ओळख पटवता येते.

मग रिपोर्टात लिहितात कशाला? एक तर, ही जास्तीची खोली सायनसचा निचरा अडवत असू शकते. आणि दुसरं, ऑपरेशन करायचं ठरलंच तर सर्जनला नकाशा हवा. ओनोडी सेलच्या भिंतीला लागून डोळ्याची नस जाते. तिथे चूक परवडत नाही. नाकाचं छत कुठे किती खोल आहे, याचे तीन प्रकार केरॉसने १९६२ साली मांडले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खोली जास्त, तितका धोका जास्त.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली. सायनस स्वच्छ, निचऱ्याची वाट मोकळी. मग विचारलं, ‘उजेड सहन होत नाही? मळमळतं? अर्धंच डोकं ठणकतं?’ तिन्हीला हो. निदान : मायग्रेन! २००४ साली अमेरिकेत ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणणारे सुमारे ३,००० जण तपासले, तर ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. तिला मायग्रेनची औषधं सुरू झाली. ऑपरेशन कॅन्सल, रजा शाबूत.

म्हणजे सीटी बोगस का? मुळीच नाही. नाक बंद, घट्ट शेंबूड, वास न येणं हे १२ आठवड्यांहून जास्त चाललं, तर ईएनटीकडे जाच. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी. पण रिपोर्ट हातात पडला की एकच प्रश्न विचारा : ‘डॉक्टर, माझा त्रास यामुळेच होतोय का?’ नाकात कापाकापी होण्याआधी एवढं विचारायचा हक्क आपला आहेच की!