कोरियात ताटाची डावी बाजू सांभाळा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दक्षिण कोरियाला निघालेल्या मुलाची बॅग भरताना मीरा रोड-भाईंदरच्या घरांत एकच चिंता असते : तिकडे हा खाणार काय? मग थेपले, चकल्या, लाडू आणि झटपट नूडल्सची पाकिटे यांनीच बॅग निम्मी भरते. काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय चुकतो. कोरियात उपाशी राहण्याची वेळ सहसा येत नाही. चुकीच्या पदार्थांनी पोट भरण्याची मात्र येते.

आपल्या लोकांसाठी हा धोका अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी जास्त असू शकते. म्हणूनच आपल्याकडे 'बीएमआय' २३ च्या वर गेला की वजन जास्त समजतात. परदेशातले पहिले वर्ष बैठे काम, जागरण आणि एकटेपणातले खाणे यांत गेले, तर मधुमेहाची वाट सोपी होते.

यावरचा उपाय कोरियन जेवणातच आहे. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे कोशिंबीर, चटणी, लोणचे. आपल्याकडे ती आता चमचाभर उरली आहे. कोरियात ती जेवणाचा कणा आहे. भातासोबत 'बानचान' म्हणजे भाज्यांच्या लहान लहान वाट्या येतात : पालक, मोड आलेले सोयाबीन, मुळा, समुद्री शेवाळ. साध्या खानावळीत त्या बहुधा वेगळे पैसे न घेता पुन्हा वाढतात. त्यांच्या जोडीला टोफू किंवा अंडे घेतले की प्रथिनांचीही सोय होते.

उत्तनच्या कोळीवाड्यातून गेलेल्या मुलाला तर तिथला बाजार ओळखीचा वाटेल. आपल्याकडे वलांडीवर बोंबील सुकतात, तशीच सुकी मासळी तिथेही रोजच्या खाण्यात असते. काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी कॅल्शियमही देते. हलाल खाणाऱ्यांसाठी सेऊलच्या इतेवॉन भागात, १९७६ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती मशिदीच्या आसपास, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. शाकाहाऱ्यांना मात्र सावध राहावे लागते. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. किमचीत बहुधा माशांचा अर्क असतो आणि सूप अनेकदा सुक्या मासळीच्या पाण्यात शिजते. बौद्ध मठांच्या परंपरेतले जेवण शाकाहारी असते, त्यात कांदा-लसूणही नसतो. कंदमुळे मात्र असतात, हे जैन घरांनी लक्षात ठेवावे.

कोरियन जेवणातले सगळेच चांगले आहे, असे नाही. मीठ ही त्याची दुखरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत हवे. रामेनच्या एका पाकिटातच ते अनेकदा १५०० च्या वर जाते. नूडल्स खाव्याच लागल्या तर मसाला अर्धा घालावा आणि रस्सा सोडावा. कार्यालयीन मेजवान्यांत डुकराचे चरबीदार मांस आणि सोजू ही दारू असते. ती नको असेल तर पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगून टाकणे सोपे जाते.

व्यायामाचे म्हणाल, तर सेऊल माणसाला आपोआप चालवते. मेट्रो स्थानकांतले लांब मार्ग, जिने, चढाचे रस्ते आणि वस्तीतल्या बागांमधली व्यायामाची साधने रोजची हालचाल घडवतात. बुखानसान हे राष्ट्रीय उद्यान शहराला लागूनच आहे आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. आपल्या शहरालाही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल खेटून आहे. तिथल्या लोकांची डोंगर चढण्याची सवय मात्र आपण घेण्यासारखी आहे. खरी परीक्षा हिवाळ्यात असते. पारा उणे दहाच्या खाली उतरतो आणि नवखा माणूस खोलीत कोंडून घेतो. तेव्हा सूर्यनमस्कार आणि बैठका कामी येतात. त्यांना हातभर जागा पुरते.

म्हणून बॅग वेगळी भरावी : छोटा कुकर, डाळी, मेतकूट, मसाले आणि बर्फावर न घसरणारे बूट. मुलाला खिचडी, उसळ आणि दोन भाज्या शिकवून पाठवाव्यात. शाकाहाऱ्यांनी निघण्यापूर्वी बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना कोरियात राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे. नुसते हप्ते भरण्यापेक्षा त्यातून मिळणारी आरोग्य तपासणी करून घ्यावी. आणि घरून फोन आल्यावर 'जेवलास का?' याच्या जोडीला 'आज किती चाललास?' हेही विचारले जावे.