समजून घ्या : मशेरीचा डाग दातांवर, घाव थेट डीएनएवर! पेशीतील दुरुस्ती कुठे कमी पडते?

लांजा : तव्यावर तंबाखू काळपट होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. कोकणातल्या कितीतरी घरांत दिवस असाच सुरू होतो. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते,’ असे आजी सहज सांगते. पण पेशीच्या लेखी ‘खाणे’ आणि ‘लावणे’ यात फरक नाही.

डीएनएला इजा होते म्हणजे काय?

प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची सूचनावही असते, तीच डीएनए. साधा श्वासोच्छ्वास, पचन, ऊन यांमुळेही तिची अक्षरे बिघडतात. एका पेशीत दिवसाला अशा हजारो इजा होतात. तंबाखूतील नायट्रोसामाइन्स शरीरात गेल्यावर डीएनएला चिकटतात. मशेरीत भाजण्यामुळे बेन्झोपायरीनसारख्या घातक द्रव्यांची भर पडते.

मग सगळ्यांनाच कॅन्सर का होत नाही?

कारण पेशीत दुरुस्ती पथके आहेत. एक पथक बिघडलेले एकच अक्षर बदलते, दुसरे खराब तुकडा कापून नवा भरते, तिसरे नक्कल करतानाच्या चुका सुधारते. हे काम उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पथके कुठे हरतात?

दोन ठिकाणी. पहिले, घाव रोजचे आणि वर्षानुवर्षांचे असतील तर काही इजा दुरुस्तीआधीच नव्या पेशींत उतरतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे जनुकच बिघडले, तर गाठीची सुरुवात होते. दुसरे, पथकच जन्मतः अधू असेल तर. बीआरसीए १ आणि २ या दुरुस्ती जनुकांत दोष असल्यास स्तन व बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. ‘झेरोडर्मा पिग्मेंटोसम’ या दुर्मीळ आजारात उन्हाची इजा दुरुस्त होत नाही. लहान वयातच त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो.

उपचारांत याचा उपयोग होतो?

होतो. रेडिएशन आणि अनेक केमो औषधे गाठीच्या पेशींचा डीएनए तोडूनच त्यांना मारतात. बीआरसीए दोष असलेल्या गाठीत दुरुस्तीचा उरलेला मार्गही बंद करणारे ‘ओलापॅरिब’ हे औषध २०१४ पासून वापरात आहे.

आपण काय करायचे?

राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. पण मशेरी घरच्या तव्यावर तयार होते, तिथे धाड कोण घालणार? हे काम घरातल्यांनाच करावे लागेल. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे ही लक्षणे अंगावर काढू नका. तिशीनंतर तोंडाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे, आशाताईंना विचारा. घरात कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांशी जनुकीय तपासणीबद्दल बोला. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

लांज्याहून परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट अनेक कुटुंबांनी तुडवली आहे, बहुतेकदा उशिरा. पेशी रोज आपली बाजू लढवत असते. तव्यावरची तंबाखू खाली उतरवली, तर तिच्यावरचा एक रोजचा घाव तरी थांबेल.