बुडालेल्या जहाजांवर मालकी कोणाची?

दक्षिण चिनी समुद्रात सुमारे १५०० मीटर खोलीवर २०२२ मध्ये मिंगकालीन दोन जहाजांचे अवशेष आढळले. २०२४ पर्यंत त्यांतून नऊशेहून अधिक वस्तू वर काढण्यात आल्या. एका जहाजात निर्यातीसाठी निघालेली चिनी मातीची भांडी होती, तर दुसऱ्यात लाकडाचे ओंडके. एरवी हा वृत्तान्त अभ्यासकांपुरताच राहिला असता. परंतु चीन ज्या समुद्रावर ऐतिहासिक हक्क सांगतो, तेथील प्रत्येक खापराला आता राजकीय वजन आले आहे. या हक्काला कायदेशीर आधार नसल्याचा निर्वाळा हेग येथील लवादाने २०१६ मध्ये दिला, चीनने तो धुडकावला. मग सार्वभौमत्वाचा पुरावा समुद्रतळाशी शोधण्याचा मोह होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

समुद्रतळाची साक्ष मात्र वेगळी आहे. इंडोनेशियातील बेलिटुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या जहाजात सुमारे ६० हजार भांडी होती. त्यांतील बहुतांश चांगशा येथील भट्ट्यांमधले वाडगे होते आणि ते मोठ्या रांजणांत दाटीने रचलेले होते. एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली होती. माल चीनचा असला, तरी जहाज चिनी नव्हते. लोखंडी खिळ्यांऐवजी दोराने शिवलेल्या त्याच्या फळ्या पश्चिम आशियाई बांधणीकडे निर्देश करतात. चीनमधील कारागीर, अरबी धाटणीचे जहाज आणि आग्नेय आशियातील सागरी मार्ग यांतून उभा राहिलेला हा व्यापार कोणा एका राष्ट्राच्या मालकीचा नव्हता.

या ठेव्याला दुसरा धोका बाजाराचा. बेलिटुंगचे उत्खनन इंडोनेशिया सरकारच्या परवान्याने एका खासगी कंपनीने केले. पुढे २००५ मध्ये हा संग्रह सुमारे ३.२ कोटी डॉलरना सिंगापूरला विकला गेला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने २०१२ साठी योजिलेले त्याचे प्रदर्शन पुरातत्त्वज्ञांच्या विरोधामुळे बारगळले. नफ्यासाठी घाईने केलेल्या उपशात जहाजाचा सांगाडा, मालाची मांडणी आणि खलाशांच्या खुणा दुर्लक्षित राहतात, हा आक्षेप रास्तच होता. अर्थात, संग्रहाचा मोठा भाग एकत्र राहिला, हेही नाकारता येणार नाही. लिलावात तो जगभर विखुरला असता, तर अभ्यासाची वाटच खुंटली असती.

यास पर्याय नाही असेही नाही. सोंगकालीन ‘नानहाई क्रमांक १’ हे जहाज चीनने २००७ मध्ये सभोवतालच्या गाळासकट पोलादी पेटीत उचलले आणि संग्रहालयात ठेवून वर्षानुवर्षे थराथराने उलगडले. त्यातून १ लाख ८० हजारांहून अधिक वस्तू हाती आल्या. पाण्याखालील वारशाच्या व्यापारी वापरास मनाई करणारा युनेस्कोचा २००१ चा करार २००९ मध्ये अमलात आला. त्याचा रोखही अशाच संयमाकडे आहे. मात्र असे काम खर्चिक असते आणि गरीब किनारी देशांना ते पेलत नाही. संयुक्त उत्खननांसाठी आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला नाही, तर हा वारसा एक तर बाजारात जाईल किंवा नकाशांच्या भांडणात ओढला जाईल. आणि दोन्ही वाटांनी इतिहासाचीच हानी होईल.