अस्मानीच्या आड सुलतानी

'दुष्काळ म्हणजे अस्मानी संकट, त्याला कोण काय करणार?' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. पुढाऱ्याच्या भाषणात असते, शाळकरी निबंधात असते आणि फायलीत तर हमखास असते. मी स्वतः सरकारी कारकून, म्हणून सांगतो. पीक बुडते ते आभाळामुळे. पण माणसे उपाशी मरतात ती बहुतेक वेळा टेबलावरच्या शेऱ्यांमुळे.

आयर्लंडचे उदाहरण घ्या. १८४५ साली तिथे बटाट्यावर करपा पडला. (बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, तेव्हा गोंयकारांनी तरी या गोष्टीकडे लक्ष द्यावे!) गरीब आयरिश कुळाच्या पानात बटाट्याशिवाय काही नसायचे, कारण चांगली जमीन आणि तिच्यातले धान्य जमीनदाराचे. चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयरिश बंदरांतून धान्य, लोणी, गुरे इंग्लंडला जातच होती. लंडनच्या अर्थखात्यातला ट्रेव्हेल्यन मदतीची दोरी हातात धरून बसला होता. बाजारात ढवळाढवळ नको, फुकट दिले तर लोक आळशी होतील, हे त्याचे तत्त्व. १८४८ साली त्याला 'सर' केले आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडे पाठवले. बढतीचे नियम तेव्हाही असेच!

आता आपल्या जवळ या. मलाजखंड म्हटले की आज हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आठवते. बालाघाट जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग, गोंदियाच्या शेजारचा, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातला. १८९६ साली पाऊस ऑगस्टअखेर थांबला तो थांबलाच. भात करपले. तीनच वर्षांनी पुन्हा तेच. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली. वाढायच्या ऐवजी घटली, हे लक्षात घ्या.

इथला बैगा आदिवासी डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरायचा. त्याला ते बेवर म्हणतात. नांगर घालणे म्हणजे धरतीमातेची छाती फाडणे, असे तो मानतो. सरकारने जंगल राखीव केले, बेवरावर बंदी आणली. एक पीक गेले तर दुसरे, तेही गेले तर कंदमुळे, मोहाची फुले, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची तरतूद. ती आधीच कायद्याने आवळून ठेवली, आणि मग पाऊस गेला. याला अस्मानी म्हणायचे?

कोणी म्हणेल, इंग्रजांनी फॅमिन कोड केला होता की! केला होता. पण मुंबई इलाख्यात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने तो कोड रयतेला समजावून सांगितला, तर १८९७ साली सभेची सरकारमान्यताच काढून घेतली.

इंग्रज गेले म्हणून समाधान मानू नका. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला. त्यान्वये राज्यातल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला आणि त्या जागी टंचाईचा शब्द घातला. कारण काय, तर आता दुष्काळाला वावच उरलेला नाही! दहा वर्षेही झाली नाहीत तोच, १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडायला आणि माती उपसायला कामांवर होती. कामे निघाली म्हणून माणसे जगली, हे मान्य. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचे श्रेय मी नाकारत नाही. पण कागदावर तेव्हाही ती 'टंचाई'च होती.

आयरिश लोकांनी शब्द सोडला नाही. १९९७ साली डब्लिनच्या नदीकाठी हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे पुतळे उभे राहिले. त्याच वर्षी पंतप्रधान ब्लेअर यांच्या नावाने निवेदन वाचले गेले, की तेव्हाचे लंडनचे सरकार आपल्या प्रजेला वाचवण्यात कमी पडले. (ते निवेदन त्यांना न दाखवताच कार्यालयातल्या मंडळींनी लिहिले होते, हे २०२१ मध्ये उघड झाले. कारकुनांना कमी लेखू नये ते असे.)

बालाघाटच्या त्या पंधरा टक्क्यांसाठी कुणाच्याही नावाने, न दाखवता का होईना, असा एखादा कागद कोणी लिहिला आहे का?