‘काहीतरी चांगलं द्या ना!’

लायब्ररीच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? ‘फाइन किती झाला?’ अजिबात नाही. ‘काहीतरी चांगलं द्या ना!’ खांद्याला लॅपटॉपची बॅग, एका कानात इयरफोन, लोकलच्या गर्दीत चुरगळलेला कुर्ता आणि तोंडात हे वाक्य. तुम्हीही म्हणता, मीही म्हणते. आता ‘चांगलं’ म्हणजे काय, ते समोरच्याने ओळखायचं. हसवणारं चांगलं? रडवणारं चांगलं? की सोमवारी ऑफिसात शायनिंग मारता येईल असं चांगलं?

मुलुंडला मी ज्या लायब्ररीची मेंबर आहे, तिथल्या काउंटरवरच्या ताई हे ओळखण्यात मास्टर आहेत. ‘तुला काय आवडतं?’ असं त्या कध्धीच विचारत नाहीत. या प्रश्नावर सगळे थापा मारतात, असं त्यांचं म्हणणं. (खरंय. इंटरव्ह्यूमध्ये आपण वाचतो ती पुस्तकं वेगळी आणि रात्री झोपताना वाचतो ती वेगळी.) ताई विचारतात, ‘मागचं कुठे सोडलंस?’ विसाव्या पानाच्या आत सोडलं असेल, तर भाषा जमली नाही. निम्म्यावर सोडलं, तर त्यातल्या माणसांचा कंटाळा आला. आणि शेवटची तीसेक पानं राहिली असताना सोडलं असेल, तर पुढे काय होणार ते तुला कळलंय आणि ते तुला नकोय. निदान झालं की मागे न बघता हात कपाटाकडे जातो.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नॅन्सी पर्ल या लायब्रेरियन बाईंनी याचंच शास्त्र केलंय. पुस्तकात शिरायला चार दारं असतात, असं त्या सांगतात. गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. वाचक कुठल्या दारातून आत जातो ते आधी बघा आणि तेच दार मोठं असलेलं पुस्तक त्याला द्या. त्यांचा पन्नास पानांचा नियमही फेमस आहे. ५० पानं वाचा, नाही पटलं तर बिनधास्त सोडा. आणि वय पन्नाशीच्या पुढे गेलं असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना तीस पानांत सुट्टी! २००३ साली या बाईंची बाहुलीसुद्धा बाजारात आली. बटण दाबलं की ‘श्शूऽऽ’ करत बोट ओठांवर जातं. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मी कुणाला गप्प कधी केलंय? मी तर लोकांना बोलतं करते.’

एरवी मी या सगळ्यावर कॉलम लिहिला नसता. पण यंदा जूनमध्ये आमच्या लायब्ररीच्या कमिटीने ठरवलं की आतल्या खोलीतली कपाटं काढायची आणि तिथे अभ्यासिका करायची. एमपीएससी आणि सीएची मुलं सकाळी सातला येऊन बसतात, महिन्याची फी वेळेवर देतात. मेंबरांच्या वर्गणीत ताईंचा आणि दादांचा पगारही निघत नाही, हे कमिटीने हिशेब दाखवून सांगितलं. त्या मुलांना घरी टेबलही नसतं, त्यामुळे ‘पुस्तकं वाचवा’ अशी घोषणा देऊन मोकळं होणं मला जमलं नाही. मग कुठली पुस्तकं जाणार? जी पाच वर्षांत कुणी नेली नाहीत ती.

त्यावर ताईंनी कमिटीशी भांडण नाही केलं. त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापल्या. दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. जाणाऱ्या पुस्तकांतलं एक कुठलंही मेंबरने घरी न्यायचं आणि परत देताना चिठ्ठी लिहून आत ठेवायची. चिठ्ठीवर तीन रकाने: ‘कुणी वाचावं’, ‘कुणी वाचू नये’ आणि ‘सोबत काय बघावं, ऐकावं’.

दुसरा रकाना म्हणजे मास्टरस्ट्रोक आहे. शिफारस करताना आपण सगळे गोडगोड बोलतो. ‘मस्ट रीड’, ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’. याचा काडीचा उपयोग नसतो. ‘कुणी वाचू नये’ लिहायचं म्हटलं की माणूस खरं बोलायला लागतो. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’च्या एका जीर्ण प्रतीत कॉलेजातल्या मुलीने लिहिलंय, ‘ब्रेकअप होऊन महिना झाला नसेल तर हात लावू नये.’ १९३९ची कादंबरी, जहाजावर भेटलेली एक ज्यू मुलगी आणि एक भारतीय तरुण, समोर युद्ध. तिने बरोब्बर सांगितलंय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त एका सॉफ्टवेअरवाल्याची चिठ्ठी आहे, ‘ज्यांना पहिल्या पानावर मर्डर हवा त्यांनी वाचू नये. ज्यांची नवीन गावी बदली झालीय त्यांनी आजच न्यावं.’

तिसऱ्या रकान्याचे बॉस आमचे दादा. लायब्ररीत बायंडिंग आणि सिनेमा ही दोन खाती त्यांच्याकडे आहेत. डीव्हीडीचं एक कपाट आहे, पण प्लेअर कुणाकडेच उरला नाही. त्यामुळे लोक येतात, कव्हर बघतात, नाव मोबाइलमध्ये टिपतात आणि जातात. दादांना वाईट वाटत नाही. त्यांचा एकच नियम, सिनेमाची गोष्ट सांगायची नाही. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ कुणी उचलली की ते ‘सिंहासन’ कादंबरीही हातात ठेवतात आणि दोन्ही वाचल्याशिवाय जब्बार पटेलांचा १९७९चा ‘सिंहासन’ बघायचा नाही, अशी ताकीद देतात. कारण सिनेमा या दोन्ही पुस्तकांवर उभा आहे. आशाताईंनी त्यात गायलेलं सुरेश भटांचं गाणं मात्र सगळ्यात शेवटी, एकट्याने, हेडफोन लावून ऐकायचं. मी हा कोर्स पूर्ण केलाय. निळू फुल्यांचा पत्रकार प्रत्येक फ्रीलान्सरने बघावा, फक्त पेमेंट थकलेलं असताना नको.

हे काम ॲप करत नाही का? करतं की. माझ्या भाच्याने माझ्या फोनवर एक कार्टून बघितलं, तर ॲपने पुढचे आठ दिवस मला डायनॉसोर दाखवले. गंमत सोडा, पण ॲपला माझी काळजी असते, म्हणजे मी स्क्रीनसमोर बसून राहावं याची. पुस्तकाची काळजी कुणाला? एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा नियम सगळ्यांना आवडतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा आपण वाचून पुढे जातो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ताई नेमका हा तिसरा नियम चालवतात. पाच वर्षं कपाटात उभ्या असलेल्या पुस्तकाची वकिली. जे आधीच खपतंय ते पुढे करायला कुणीही आहे.

आता ती चिठ्ठी, जिच्यामुळे मी लिहायला बसले. शांता निसळ यांची ‘बेघर’. ‘उंबरठा’ हा १९८२चा सिनेमा याच कादंबरीवरचा. स्मिता पाटील, महिलाश्रमाची नोकरी, घर सोडून जाणारी बाई, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुस्तक माहीत नसतं. आमच्या प्रतीला मागे कागदी खिसा आहे आणि खिशात जुनं कार्ड. पूर्वी पुस्तक कुणी नेलं त्याचा मेंबर नंबर त्यावर लिहायचे. ताईंनी ही प्रत ऐंशीच्या घरातल्या एका काकांना दिली. ‘मी असलं वाचत नाही,’ काका म्हणाले. ‘माहितीय,’ ताई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

बारा दिवसांनी पुस्तक परत आलं. ‘कुणी वाचावं’ रिकामं. ‘कुणी वाचू नये’ रिकामं. ‘सोबत काय बघावं, ऐकावं’ या रकान्यात बारीक, तिरक्या अक्षरात काकांनी लिहिलंय, ‘कार्डावर आमच्या सौ.चा नंबर तीन वेळा आहे. १९८४, १९८९, १९९७. घरात हे पुस्तक आलेलं मला आठवत नाही. सिनेमा तिने एकटीने पाहिला होता. मी आता दोनदा वाचलं.’

ताईंना मी विचारलं, तुम्हाला कार्डावरचा तो नंबर माहीत होता? त्या पावत्या लावत होत्या. ‘सत्तावीस वर्षं बसतेय इथे,’ एवढंच म्हणाल्या.

काकू जाऊन चार वर्षं झाली. काकांनी कार्ड मागितलं, ताईंनी दिलं नाही. कार्ड पुस्तकाबरोबरच राहणार, हवं तेव्हा येऊन बघा, असं सांगितलं. ते गुरुवारी येतात.

आतल्या खोलीतली दोन कपाटं निम्मी रिकामी झालीत, कारण पुस्तकं मेंबरांच्या घरी आहेत. अभ्यासिका होणारच आहे. कमिटीने एवढंच कबूल केलंय की चिठ्ठी असलेलं पुस्तक बाहेरच्या हॉलमध्ये येईल. त्यामुळे सध्या हॉलमध्ये फळ्या ठोकायचं काम चाललंय आणि दादा बायंडिंगची सुई सोडून हातोडी घेऊन उभे असतात.

अभ्यासिकेतला एक मुलगा परवा चहाला बाहेर आला आणि ताईंना म्हणाला, ‘ब्रेकमध्ये वाचायला काहीतरी चांगलं द्या ना, पण छोटं.’ ताईंनी फक्त खुर्ची पुढे ओढली.

‘मागचं कुठे सोडलंस?’