ऐंशी नंबरचा रस्ता आणि आमचं देशव्रत



येत्या जूनमध्ये आम्ही दोघं शिकागोला लेकाकडे जाणार आहोत. नातू चौदा वर्षांचा, नात नऊ वर्षांची. नातवाला रोलर कोस्टरचं वेड आहे. वेड म्हणजे कसं, तर आपल्याकडच्या मुलांना जशी क्रिकेटपटूंची धावसंख्या पाठ असते, तशी ह्याला कोणता कोस्टर किती फूट उंच, कुठल्या साली बांधला, लाकडी की लोखंडी, हे सगळं तोंडपाठ. तर या वर्षी त्याच्या वडिलांनी कबूल केलं की आजी-आजोबा आले की सगळे मिळून अमेरिकेतले मोठे पार्क बघायला जाऊ. आणि मग आला तो एक्सेलचा तक्ता.

अठरा दिवस, नऊ पार्क. शिकागोजवळचा एक, ओहायोतले दोन, पेनसिल्व्हेनियातले दोन, न्यू जर्सीतला एक, तिथून विमानाने फ्लोरिडा, तिथून कॅलिफोर्निया. मी वही घेतली आणि बेरीज केली. नऊ दिवस पार्कात, सात दिवस गाडीत नाहीतर विमानतळावर, आणि उरलेले दोन दिवस कपडे धुण्यात. लेकाला म्हटलं, अरे ही सहल आहे की वसुली? तो हसला. पण मी हसण्यावारी नेलं नाही, कारण मला सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवत होता.

तेव्हाही असेच सगळे फ्लोरिडाला गेलो होतो. एका मोठ्या पार्कात. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या नियमाप्रमाणे त्याआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जेवण आटोपायला हवं. पावणेपाचला मी बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली, बाकीचे रांगेत. डबा गाडीत राहिलेला. सूनबाईने रात्री साडेसातचं टेबल दोन महिने आधी बुक केलं होतं, मी तिला कधी बोललेच नव्हते की त्या वेळेला माझ्या तोंडात पाण्याचा थेंबही जाणार नाही. तिला वाटलं, प्रवासात आई सवलत घेत असतील. मी टेबलावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही खा, मला भूकच नाही." अशा स्वरात म्हटलं की कोणाच्याच घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारीच सगळे हॉटेलवर परतले, आणि रात्री शेजारच्या खोलीतून सूनबाईच्या रडण्याचा आवाज आला.

त्या दिवशी मला वाटलं होतं, मी व्रत पाळलं. पुढे कितीतरी दिवसांनी प्रतिक्रमण करताना लख्ख कळलं की व्रत माझं होतं आणि उपास मी सगळ्यांना घडवला. आधी एक वाक्य बोलले असते तर चारला जेवण झालं असतं आणि साडेसातच्या टेबलावर मी आनंदाने गप्पा मारत बसले असते. हे मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आपल्यापैकी अनेकजणी असंच करतात, म्हणून लिहिते.

आपल्या बारा व्रतांत तीन गुणव्रतं आहेत. दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडव्रत. पहिल्यात दहा दिशांची जन्माची मर्यादा, दुसऱ्यात त्याच मर्यादेच्या आत काही काळापुरती आणखी छोटी मर्यादा. ही मर्यादा निघण्याआधी ठरवायची आणि बोलून ठरवायची असते, अर्ध्या वाटेत तोंड पाडून नाही. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे पाच अतिचार आहेत त्यातला एक क्षेत्रवृद्धी. लोभाने ठरवलेलं क्षेत्र वाढवणं. लेकाचा तक्ता बघून मला तोच शब्द आठवला. (पहिले दोन अतिचार वर जाण्याची आणि खाली जाण्याची मर्यादा ओलांडण्याचे आहेत. ते ऐकून नातू खूष झाला. म्हणाला, म्हणजे रोलर कोस्टरवर सूत्र आहे!)

तर या वेळी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना बसवून मी म्हटलं, आपण या सहलीपुरतं देशव्रत घेऊ. दिवस दहा, आणि रस्ता एक. नकाशा बघितला तर गंमत म्हणजे खरंच एक रस्ता सापडला. इंटरस्टेट ऐंशी. हा महामार्ग सॅन फ्रान्सिस्कोहून निघतो, शिकागोच्या दक्षिणेकडून जातो, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया ओलांडून न्यू जर्सीत संपतो. त्याच्यावरून फार आत न शिरता जे लागेल ते आपलं, बाकी सोडलं.

लागतं ते काही कमी नाही. ओहायोत सँडस्कीजवळ ईरी सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर सीडर पॉइंट आहे. १८७० पासून तिथे लोक मौजेला जातात. तिथला मिलेनियम फोर्स नावाचा कोस्टर ३१० फूट उंच, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास धावणारा. नातवाचं पंढरपूर म्हणा. तिथून दिवसभर पूर्वेला गेलं की पेनसिल्व्हेनियात एलिसबर्ग गावाजवळ झाडीत लपलेलं कनोबेल्स. त्यापुढे साधारण दोन तासांवर, न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनला, आपलं सिद्धाचलम. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापन केलेलं तीर्थ, आणि आता तिथल्या टेकडीवर सम्मेद शिखरजीची प्रतिकृतीही आहे. १९७५ साली हे आचार्य विमानाने परदेशी निघाले तेव्हा साधूने वाहनात बसावं का यावरून समाजात केवढा गदारोळ झाला होता, ते माझ्या वयाच्या बायकांनी घरात ऐकलेलं असेल.

मला सगळ्यात आवडलं ते कनोबेल्स. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचंच तिकीट. हिशेबाच्या दृष्टीने आपल्यासारख्यांना ह्याहून चांगलं काय? बाकी ठिकाणी आम्ही दोघं बाकावर बसणार आणि तिकीट काढणार, फार तर ज्येष्ठांची थोडी सवलत. शिवाय तिथे आपला डबा नेऊन झाडाखाली बसून खाता येतो. तिथला फिनिक्स नावाचा लाकडी कोस्टर १९४७ साली टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला बांधलेला. तो पार्क बंद पडला, कोस्टर नुसता उभा राहिला, तेव्हा ह्यांनी तो सोडवून फळी फळी इथे आणली आणि १९८५ पासून तो इथे धावतो आहे. उलट न्यू जर्सीतला किंगडा का हा ४५६ फुटांचा, जगातला सगळ्यात उंच म्हणून २००५ साली उभा केलेला, २०२४ मध्ये बंद झाला आणि पुढच्या वर्षी सुरुंग लावून पाडला. वीस वर्षंसुद्धा नाहीत. नातवाला त्याचं फार वाईट वाटलं. मला विचाराल तर घसाऱ्याचा हिशेब ज्याने केला नाही त्याची ती गोष्ट आहे.

आता आमच्या स्वाध्याय मंडळातली चर्चा. एक ताई म्हणाल्या, हा शुद्ध अनर्थदंड. निष्प्रयोजन पैसा, निष्प्रयोजन हिंसा, त्यापेक्षा मुलांना शिखरजीला न्या. मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. प्राण्यांचे खेळ दाखवणारा एक पार्क तक्त्यात होता, तो मी पहिल्याच दिवशी काढायला लावला, त्यावर चर्चा केली नाही. पण शिखरजीचं म्हणाल, तर तो मुलगा अकरा वर्षांचा असताना माझ्याबरोबर शिखरजीला आला होता. सत्तावीस किलोमीटर, पहाटे अंधारात निघून, अनवाणी. एकदाही कुरकुर नाही. तो माझ्या डोंगरावर आला, आणि मी त्याच्या डोंगराच्या पायथ्याशीही जाऊ नये, हे मला पटत नाही. आणि निष्प्रयोजन म्हणावं तर १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटला चक्कर देणारी पहिली घसरगाडी ज्याने उभी केली, तो लामार्कस थॉम्पसन मोठा धार्मिक माणूस. लोकांनी दारूच्या गुत्त्यांकडे न जाता काहीतरी निर्मळ करमणूक करावी म्हणून त्याने ती बांधली असं सांगतात. आमच्या गावाकडच्या जत्रेतही तमाशाच्या तंबूपेक्षा पाळण्याकडे पाठवलेलं बरं, असंच आई म्हणायची.

शिकागोचंच बघा. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी जी सर्वधर्म परिषद भरली, तिथे आपले वीरचंद राघवजी गांधी जैन धर्म सांगायला गेले होते, हे आपल्याला पाठशाळेत शिकवतात. पण त्याच प्रदर्शनात फेरिसचा पहिला प्रचंड पाळणा फिरत होता, २६४ फूट उंच, हे मला नातवाने सांगितलं. ह्या सहलीत पहिल्या दिवशी आम्ही दोन्हींबद्दल बोलत निघणार आहोत.

तारखांचं मात्र नीट बघा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून आषाढाची अष्टाह्निका आणि चातुर्मास जुलैच्या शेवटाकडे सरकले आहेत. जून मोकळा. पण ११ जूनपासून तिकडे फुटबॉलचा विश्वचषक आहे, अंतिम सामना १९ जुलैला न्यू जर्सीतच, आणि ४ जुलैला त्यांच्या स्वातंत्र्याची अडीचशे वर्षं. म्हणून आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आत परतायचं ठरवलं, आणि पार्काचे दिवस मंगळवार-बुधवार ठेवले.

सूर्यास्ताची काळजी करणाऱ्यांसाठी चांगली बातमी. सँडस्की त्यांच्या वेळेच्या पट्ट्यात बरंच पश्चिमेला आहे आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून जूनअखेर तिथे सूर्य नऊनंतर मावळतो. सव्वाआठपर्यंत आरामात जेवा. मात्र पूर्वेला जाल तसं हे कमी होतं. पेनसिल्व्हेनियात साडेआठनंतर थोड्याच वेळात. आणि शिकागोहून निघताना इंडियानात घड्याळ एक तास पुढे करावं लागतं, ते विसरलात तर सगळा हिशेब चुकेल. सूनबाईने या वेळी प्रत्येक मुक्कामाचा सूर्यास्त स्वतःच तक्त्यात घातला आहे. मी न सांगता. ती ओळ बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

खाण्याचं थोडक्यात. सीडर पॉइंटची प्रसिद्ध गोष्ट कोणती, तर व्हिनेगर घातलेले ताजे तळलेले बटाटे! म्हणजे आपल्याला उपयोग शून्य. चीजच्या पाकिटावर नुसतं एन्झाइम्स लिहिलेलं असेल तर ते कशाचं हे कळत नाही, सोडून द्या. मी दशम्या, धपाटे, लसूण न घातलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेणार. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा गाडीत थंड पेटीत ठेवून बाहेर येऊन जेवायचं. परत आत घेतात का, हे आधीच विचारून घ्या.

एका बाबतीत माझा पराभव झाला. जादा पैसे भरून रांगेत पुढे जायचा पास मिळतो, तो घ्यायचा नाही असं मी म्हटलं. पैसा टाकून दुसऱ्याच्या पुढे घुसणं बरं नव्हे. नातू शांतपणे म्हणाला, "आजी, बस्तीत पहिल्या कलशाची बोली लागते, ते काय असतं गं?" मी म्हटलं, ते पैसे मंदिराला जातात. तो म्हणाला, "पण पहिला कलश पैसेवाल्यालाच ना?" यावर माझ्याकडे जे उत्तर होतं ते त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नाही. पास घ्यायचा नाही हे मात्र त्याने मान्य केलं.

त्यानेही काही सोडलं आहे, ते सांगायला हवं. ओहायोच्या दक्षिणेला किंग्ज आयलंड आहे, तिथला बीस्ट हा १९७९ चा कोस्टर, लाकडी कोस्टरमध्ये जगात सगळ्यात लांब. आमच्या रस्त्यापासून तो फार दूर पडतो. मुलाचा चेहरा उतरला, पण आपण मर्यादा ठरवली आहे हे तोच म्हणाला. मला त्या क्षणी सगळं मोडून त्याला तिथे न्यावंसं वाटलं. मोडलं नाही.

पिशव्या सांभाळायला मी या वेळी बसणार नाही, हेही सांगून झालंय. लॉकर घ्या म्हटलं. मोठ्या कोस्टरवर मी चढणार नाही, गुडघे आणि रक्तदाब दोन्ही नको म्हणतात. पण कनोबेल्समध्ये १९१३ चा घोड्यांचा पाळणा आहे, त्यात बाहेरच्या घोड्यावर बसून फिरता फिरता हात लांब करून कड्या ओढायच्या, पितळी कडी हाती आली की पुढची फेरी फुकट. त्यावर मी बसणार. साडीचं काय करायचं ते नात ठरवणार आहे.

राहिला प्रश्न ह्यांचा. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला आहे. प्रत्येक कोस्टरपाशी हृदयविकार, पाठ, मानेचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये असा फलक असतो. फ्लोरिडात मी जशी न बोलता बसले, तसे हे न बोलता रांगेत उभे राहतील अशी मला भीती आहे. काल विचारत होते, "त्या फिनिक्सला उंचीची अट आहे ना, वयाची तर नाही?" मी काही बोलले नाही. हृदयाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, तिथे नातवालाही फोनवर घेणार आहे, म्हणजे जे ठरेल ते सगळ्यांच्या समोर ठरेल.