सुट्ट्यांची यादी कोणी करायची?

चंद्रपूरचा जून ज्याने पाहिला आहे त्याला विदर्भातल्या शाळा उशिरा का उघडतात, हे सांगावे लागत नाही. 2024 साली उर्वरित राज्यात 15 जूनला घंटा झाली, विदर्भात 1 जुलैला. 2025 साली त्याच तारखा 16 आणि 23 जून अशा होत्या. एका राज्यात दोन शैक्षणिक वर्षे वर्षानुवर्षे चालत आली आहेत आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही.

हे आज मुद्दाम लिहावे लागते, कारण सगळीकडे एकच वर्ष हवे, तेही एप्रिलपासून, हा सूर चढतो आहे. गोव्याने 2025 साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलातच सुरू केले. आपल्याकडे त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. निकाल मात्र ठरल्याप्रमाणे 1 मेलाच. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासणे, गुणांचे संकलन आणि प्रगतिपुस्तके कशी उरकली, ते आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

शिक्षण हक्क कायदा काय मागतो? पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास. वर्ष अमुक तारखेलाच सुरू झाले पाहिजे, असे तो म्हणत नाही. उलट कलम 9 मध्ये शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे, हेही त्याच कलमात. ही दोन कामे एकाच कार्यालयाची आहेत, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते. वरून परिपत्रक येते, खाली यादी छापली जाते.

बीड जिल्ह्याचे पाहा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, तेव्हा थांबण्याचा प्रश्न नसतो. पहिले सत्र संपते आणि मूल फडावर जाते. कारखान्याचा पट्टा पडून आईबाप गावी येतात, तोवर शाळेत परीक्षेची गडबड, पाठोपाठ उन्हाळी सुट्टी. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड या योजना चांगल्याच आहेत, पण दोन्हींत वळायचे ते मुलानेच. शाळेचे वर्ष जागचे हलत नाही. अशा गावात जून ते ऑक्टोबर तास वाढवता येतील. परत आलेल्या मुलांसाठी एप्रिलात सकाळच्या शाळेत खरेखुरे अध्यापन ठेवता येईल. मे महिन्यात वर्ग भरवा, असे आम्ही म्हणणार नाही. पत्र्याखाली बसून कोणी शिकत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वर्षभरातल्या सुट्ट्या 76 पेक्षा जास्त होऊ नयेत आणि दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव, नाताळ अशा सणांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने देता येईल, ही तरतूद परिपत्रकात असतेच. कोकणातल्या शाळा गणपतीसाठी तिचा उपयोग करतात. सणाला जी सवलत मिळते ती हंगामाला का मिळू नये?

आक्षेप ठरलेला आहे: राज्यभर एकाच वेळी होणाऱ्या चाचण्यांचे काय? दहावी-बारावीला मंडळाची परीक्षा आहे, तिथे एकच वेळापत्रक लागणारच. पण तिसरीच्या मुलाने गडचिरोलीत आणि गगनबावड्यात एकाच दिवशी भाषेचा पेपर दिला पाहिजे, यात सोय प्रशासनाची आहे. प्रश्नपत्रिका समान ठेवून तारखांची मुभा देणे अवघड आहे, असे आम्हाला वाटत नाही. एकदा फुटलेला पेपर दुसरीकडे वापरायचा कसा, ही अडचण खरी आहे. त्यासाठी दोन संच काढावेत.

पुढच्या वर्षीच्या याद्या निघण्याआधी मुख्याध्यापकांनी हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत घ्यावा, ठराव करावा आणि केंद्रप्रमुखांमार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे पाठवावा. सोबत गेल्या तीन वर्षांची नोव्हेंबर ते मार्चची इयत्तावार उपस्थिती जोडावी. ती हजेरीपत्रकात आहे, वेगळे सर्वेक्षण लागणार नाही.